‘पडताळणे’ कुठे वापरायचं? नव्या मुद्रितशोधकासाठी

आधी ‘तपासणे’ आणि ‘पडताळणे’ यांची गल्लत थांबवा, निम्मं काम तिथेच होईल. तपासायला एक कागद पुरतो. पडताळायला दोन लागतात: प्रूफ मूळ प्रतीशी पडताळून पाहायचं.

आपल्या पुण्यातल्याच, दहावी-बारावीच्या परीक्षा घेणाऱ्या राज्य मंडळाचे अर्ज बघा. गुणपडताळणीत बेरीज जुळते का, एखादं उत्तर तपासायचं राहिलंय का, एवढंच पाहतात. उत्तरं नव्याने जोखतात ती पुनर्मूल्यांकनात. बातम्यांत हे दोन्ही सर्रास एक करतात, वैताग नुसता!

नवखे हमखास चुकतात ते इथे:
- ‘पुन्हा फेरतपासणी’. ‘फेर’मध्ये ‘पुन्हा’ आलंच.
- ‘पडताळणी केली गेली’. सरळ ‘पडताळलं’ लिहा.

‘फेरविचार’, ‘पुनरावलोकन’ सध्या राहू द्या. जमेल हळूहळू.