आठ तारखांचा आठवडा

प्रश्न : कळमना येथील एका अडतदुकानाचे हिशेब मी सांभाळतो. संत्र्यांची रोजची आवक मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये तारखेसह नोंदवलेली असून, ‘इयर’ आणि ‘वीक’ या फंक्शनांनी वर्ष व आठवडा काढून त्यांवर ग्रुप बाय केले (म्हणजे नोंदींचे गट पाडले), की आठवडावार बेरीज मिळते. आठवडा सोमवारी सुरू व्हावा म्हणून ‘वीक’ला मोड, म्हणजे आठवडा मोजण्याच्या पद्धतीचा क्रमांक, ३ दिला आहे. २०२५च्या अहवालात मात्र आंबिया बहाराच्या अखेरच्या गाड्या, म्हणजे २९ ते ३१ डिसेंबरची आवक, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जाऊन बसली आहे. शेटजींना वाटते, की तारखा मीच चुकीच्या भरल्या. चूक नेमकी कोठे आहे?
— एक वाचक, नागपूर

उत्तर : आपल्या तारखा बरोबर आहेत, असे शेटजींना खुशाल सांगावे. आठवडा एका पद्धतीने आणि वर्ष दुसऱ्या पद्धतीने मोजले गेल्यामुळे हा घोळ झाला आहे. मोड ३ आयएसओ ८६०१ या तारखांविषयीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चालतो. त्यात आठवडा सोमवारी सुरू होतो आणि त्यातला गुरुवार ज्या वर्षात पडतो, त्या वर्षाच्या खात्यावर तो आठवडा जमा होतो. १ जानेवारी २०२६ रोजी गुरुवार होता, म्हणून सोमवार, २९ डिसेंबर २०२५ पासूनचा आठवडा २०२६चा पहिला ठरला. ‘वीक’ने त्याचा क्रमांक १ सांगितला, ‘इयर’ने मात्र नुसत्या तारखेकडे पाहून २०२५ सांगितले, आणि ‘२०२५, आठवडा १’ या एकाच ओळीत १ ते ५ जानेवारी व २९ ते ३१ डिसेंबर अशा आठ तारखा गोळा झाल्या. इतवारी, मंगळवारी, शुक्रवारी अशी वारांवरून वस्त्यांची नावे पडलेल्या आपल्या शहरात तरी आठ दिवसांचा आठवडा कोणी खपवून घेऊ नये!

दोन फंक्शनांऐवजी ‘इयरवीक’ हे एकच फंक्शन मोड ३ देऊन वापरावे. २९ डिसेंबर २०२५साठी ते २०२६०१, म्हणजे २०२६चा आठवडा ०१, असे उत्तर देते. मोड लिहायला विसरल्यास साधारणतः मोड ० गृहीत धरला जातो आणि आठवडा रविवारी सुरू होतो. ‘वीक’च्या बाबतीत तर मोड ०मध्ये वर्षातल्या पहिल्या रविवारच्या आधीचे दिवस शून्याव्या आठवड्यात जातात, त्यामुळे ३१ डिसेंबर २०२५ बावन्नाव्या आणि लगेच पुढचा दिवस शून्याव्या आठवड्यात दिसतो.

माझे स्वतःचे मत विचाराल, तर अहवालात क्रमांक छापूच नये, आठवड्याच्या सोमवारची तारीख छापावी. मायएसक्यूएलचे ‘वीकडे’ सोमवारसाठी ० आणि रविवारसाठी ६ देते. तेवढे दिवस तारखेतून वजा केले, की सोमवार हाती येतो आणि त्यावर ग्रुप बाय करता येते. ‘आठवडा ४७’ म्हटल्यावर बाजारात कोणाला काही उमगत नाही, ‘१७ नोव्हेंबरचा आठवडा’ म्हटले की लगेच कळते.

पुढे पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसवर गेलात, तर तेथील ‘वीक’ आयएसओचाच असतो, मात्र त्याच्या जोडीला ‘इयर’ न घेता ‘आयएसओइयर’ घ्यावे लागते. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘आयएसओ वीक’ मिळतो, पण त्याचे वर्ष देणारा तयार भाग नाही. तेथे त्याच आठवड्याचा गुरुवार काढून त्या गुरुवारचे वर्ष घ्यावे.

क्वेरी बदलल्यावर दोन तारखा अवश्य तपासाव्यात. २९ डिसेंबर २०२५साठी २०२६०१ आले पाहिजे. १ जानेवारी २०२७ रोजी शुक्रवार असल्याने त्या तारखेसाठी २०२६५३ आले पाहिजे, कारण २०२६मध्ये त्रेपन्न आठवडे आहेत. आपल्या तक्त्यात बावन्नच रकाने आखलेले असतील, तर एक आताच वाढवून ठेवावा.