डुक्कर, रोही, वाघ आणि सारस: या पंधरवड्यातल्या प्रश्नांना उत्तरं

सोयाबीनच्या शेंगा भरायला लागल्या की माझ्या फोनवर अळीचे प्रश्न कमी होतात आणि जनावरांचे वाढतात. यंदाही तेच झालं. खूप जणांनी जवळपास सारखंच विचारलं, म्हणून पाच प्रश्न निवडून इथे उत्तरं देतो.

"एका रात्रीत सोयाबीनचे सात-आठ तास (ओळी) उलटेपालटे झाले. लुगडी बांधली, डबे वाजवले, फरक नाही. आता काय लावू?" (सेलू तालुका, वर्धा)

भाऊ, आधी कोण आलं होतं ते सांगा. पानावर डाग दिसला म्हणून रोग न ओळखता आपण फवारा मारत नाही, मग इथे घाई का? सकाळी दव असतानाच वावरात जा, धुऱ्यावरची (बांधावरची) ओली माती बघा. पुढे दोन खूर आणि मागे दोन बारीक टोचे उमटले असतील, तर डुक्कर. झाड मुळासकट उपटलेलं आणि माती नांगरल्यासारखी, हीसुद्धा त्याचीच खूण. रोही, म्हणजे नीलगाय, माती उकरत नाही. तो शेंडे खुडतो, चालता चालता पीक तुडवतो आणि त्याच त्याच जागी लेंड्यांचा ढीग घालतो. तो ढीग सापडला, तर त्याची रोजची वाट तुम्हाला सापडली.

तुम्ही पाठवलेल्या फोटोत जमीन उकरलेली आहे, म्हणजे डुकरं. डुकराची नजर अधू, नाक मात्र फार तेज. म्हणून लुगड्याचा त्याच्यावर फारसा उपयोग होत नाही. फडफडणाऱ्या लुगड्याला रोही चार-आठ दिवस बुजतो, मग त्यालाही सवय होते. वासाचे उपाय डुकरावर चालतात, पण त्यांचीही मुदत असते. चार वर्षांपूर्वी मीच एका गावात फिनेलमध्ये भिजवलेल्या दोऱ्या वावराभोवती बांधायला सांगितल्या होत्या. पाच रात्री शांतता. सहाव्या दिवशी सकाळी शेतकऱ्याचा फोन आला, "साहेब, डुकरांना आता हा वास आवडाले लागला वाटते." त्या दिवसापासून एकच उपाय महिनाभर चालेल असं मी कोणाला सांगत नाही. वास, आवाज, उजेड आलटून पालटून करा, आणि जागाही बदला.

टिकाऊ म्हणाल तर झटका मशीन, म्हणजे सौर कुंपण. पण बसवलं की काम संपलं असं नाही. सगळ्यात खालची तार जमिनीपासून एक वीतभरच वर ठेवा, नाहीतर डुक्कर खालून सरकतं. तारेला गवत टेकलं की झटका मातीत जातो, म्हणून आठवड्यातून एकदा खालचं गवत कापा. अर्थिंगचा रॉड खोल ठोका, आणि उन्हाळ्यात माती सुकली की त्याच्या बुडाशी बादलीभर पाणी ओता. "मशीन चालत नाही" अशा ज्या तक्रारी मी स्वतः जाऊन पाहिल्या, त्यातल्या बहुतेक ठिकाणी मशीन ठीक होतं, गवत आणि अर्थिंग बिघडलेलं होतं. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून वनालगतच्या गावांना या कुंपणासाठी ७५ टक्के अनुदान आहे, त्याला वरची मर्यादाही आहे. तुमचं गाव यादीत आहे का, हे वनपरिक्षेत्र कार्यालयात विचारून मगच खरेदी करा. आधी बिल आणि मग चौकशी, असं करू नका.

हरभरा पेरणार असाल तर कडेनं करडईचे चार-पाच तास टाका. काटे धरले की जनावर त्यातून शिरायला कंटाळतं. मात्र पहिला महिना-दीड महिना करडई कोवळीच असते, तेवढे दिवस जागल, म्हणजे रात्रीची राखण, चुकत नाही.

"झटका मशीनला पैसे नाहीत. पोलवरून तार ओढून रात्रीपुरता करंट सोडला तर?"

नाही. झटका मशीन साधारण सेकंदाला एकदा क्षणभरच झटका देतं, जनावर दचकून मागे हटतं. पोलवरचा करंट धरून ठेवतो, सोडत नाही. अशा तारेला डुकरापेक्षा आधी कोण लागतं, सांगू? पहाटे बांधावरून येणारा शेजारी, आपली गाय, किंवा तार लावली हे रात्री विसरून मोटर चालू करायला गेलेला आपलाच मुलगा. विदर्भात अशा तारांनी माणसं गेली आहेत आणि वाघही गेले आहेत. वाघ गेला तर १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली किमान ३ वर्षांची कैद. गावठी बॉम्ब आणि विषाची गोळी यांनाही हेच उत्तर. विष घातलेलं डुक्कर कुठे जाऊन पडेल आणि त्याला कोण खाईल, याचा हिशोब कोणाच्या हातात नसतो.

"हरभऱ्याचं ओलीत (पाणी देणं) रात्रीच करावं लागतं, कारण वीज रात्रीची. मागच्या आठवड्यात धुऱ्यावर वाघाचे पाय दिसले. जावं की नाही?" (भद्रावती तालुका, चंद्रपूर)

दादा, माझ्याकडे याचं पूर्ण समाधान करणारं उत्तर नाही. ज्या माणसानं रात्री दोन वाजता ओलीत केलं नाही, त्यानं "रात्री वावरात जाऊ नका" हे सांगणं सोपं आहे. तरी जे जमतं ते सांगतो. दारं धरून, म्हणजे पाटाची तोंडं हातानं उघडत-बुजवत, पाणी द्यायचं म्हटलं की माणूस वाकतोच, आणि वाकलेला माणूस वाघाला माणूस वाटत नाही. मोहफुलं आणि तेंदूपानं वेचणाऱ्यांवर जे हल्ले होतात, त्यामागे हेच मोठं कारण असतं. म्हणून दारं धरणं टाळा. स्प्रिंकलरचे पाइप दिवसा मांडून ठेवा आणि मोटरला मोबाइलवर चालणारा स्टार्टर बसवा, म्हणजे रात्री घरूनच चालू-बंद होईल. जाणं भागच असेल तर एकटे जाऊ नका. एक वाकला तर दुसऱ्यानं उभं राहून झाडोऱ्याकडे टॉर्च धरायचा, आणि बोलत राहायचं. विहीर आणि मोटरच्या पेटीभोवतीचं गवत दहा-पंधरा पावलं साफ ठेवा, वाघ तिथेच दबा धरतो. आणि पायात गमबूट घाला. वाघ रोज भेटत नाही, घोणस मात्र कुठेही बसलेली असू शकते.

वाघ, बिबट दिसला किंवा ताजे पाय दिसले तर वनविभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवा. पाठलाग करू नका, मोबाइलवर व्हिडिओ काढायला पुढे सरकू नका. कायमचा उपाय दिवसाच्या पाण्याचाच. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५ टक्के रक्कम भरावी लागते. अर्ज करून ठेवा. पंप बसायला वेळ लागतो, हे मान्य.

"रोह्यानं तूर खाल्ली. तलाठ्याला सांगितलं, तो म्हणाला वनविभागाकडे जा. तिथे म्हणाले, उशीर झाला." (केळापूर तालुका, यवतमाळ)

इथे तुमचं नुकसान रोह्यानं अर्धं केलं आणि उरलेलं तारखेनं. पीक नुकसानीची लेखी तक्रार ३ दिवसांच्या आत वनरक्षक, वनपाल किंवा वनपरिक्षेत्र अधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. पोच घ्या, कागदावर तारीख बघा. पंचनामा होईपर्यंत वावर साफ करू नका, उपटलेली झाडं तशीच राहू द्या, खुरांचे आणि लेंड्यांचे फोटो काढा. सातबारा आणि बँक पासबुकाची प्रत आधीच पिशवीत ठेवा. गाय, बैल, शेळी मारली गेली तर ४८ तासांच्या आत कळवा आणि मृत जनावर जागेवरून हलवू नका.

भरपाई उशिरा येते आणि नुकसानाच्या मानानं थोडी असते, हे मी नाकारत नाही. पण ज्या गावातून तक्रारीच जात नाहीत, तिथे कागदावर रोहीच नसतो. मग कुंपणाच्या यादीत त्या गावाचं नाव कशाच्या आधारावर घालायचं?

"आमच्या बांधीत (धानाच्या खाचरात) सारसाच्या जोडीनं घरटं केलंय. दोन अंडी आहेत. धान मोडतंय, पण हाकलायचं मन होत नाही. काय करू?" (गोंदिया तालुका)

ताई, सगळ्या पंधरवड्यात हाच एक फोन असा आला की जो ठेवल्यावर मी बराच वेळ काम न करता बसलो. सारस महाराष्ट्रात आता जवळपास फक्त तुमच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या पट्ट्यात उरलाय, आणि त्यानं घरटं करायला तुमची बांधी निवडली.

नुकसान किती? धानाच्या काड्या ओढून तो एक गोल ढीग रचतो, तेवढीच जागा जाते. डुकराच्या एका रात्रीपुढे ते काहीच नाही. उलट तो बांधीतले किडे आणि गोगलगायीही वेचतो. नर-मादी आळीपाळीनं अंड्यावर बसतात, साधारण महिनाभर. तेवढे दिवस घरट्याच्या आसपास फवारणी करू नका, आणि बांधीतलं पाणी एकदम सोडू नका. पाणी आटलं की कुत्र्यांना आणि कोल्ह्यांना वाट होते. जवळच्या वनरक्षकाला कळवून ठेवा, पण गावभर सांगत सुटू नका. फोटो काढणाऱ्यांची रांग लागली तर जोडी अंडी टाकून जाऊ शकते.

अंडी फुटल्यावर पिल्लाला उडता यायला तीन महिने लागतात, म्हणजे तुमची कापणी त्याच्या आधी येणार. धोका दिसला की पिल्लू पळत नाही, धानात दबून बसतं. म्हणून हार्वेस्टर बांधीत उतरायच्या आधी त्याच सकाळी दोघांनी आडवी-उभी एक फेरी मारा, आणि कापणी घरट्याच्या उलट्या टोकाकडून सुरू करू नका. घरट्याकडून बाहेर, तळ्याच्या दिशेनं कापत या.