'मंद दाह' जाणवत का नाही?

प्रश्न असा आला आहे: लठ्ठपणावरच्या एका लेखात 'जादा चरबीमुळे शरीरात मंद दाह राहतो व त्यातून मधुमेह, हृदयविकार जडू शकतात' असं वाक्य होतं. दाह म्हणजे जळजळ, मग ती जाणवत कशी नाही? 'सूज' किंवा 'शोथ' म्हणायला हवं होतं का?

इथला दाह म्हणजे इंग्रजीतलं 'इन्फ्लमेशन', इजा झाली की शरीराची प्रतिकारयंत्रणा देते ती प्रतिक्रिया. त्या शब्दाच्या मुळाशी असलेल्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ पेटवणे. पहिल्या शतकातल्या सेल्सस या रोमन वैद्यक-ग्रंथकाराने या प्रतिक्रियेची चार लक्षणं नोंदवली: लाली, सूज, उष्णता, वेदना. ठेचाळलेल्या अंगठ्यात चारही सापडतात. आपण यातलं एकेक लक्षण उचलून अख्ख्या प्रक्रियेला नाव दिलं. 'दह्' म्हणजे जाळणे, त्यावरून दाह. शोथ भारदस्त वाटतो खरा, पण तो 'श्वि' म्हणजे फुगणे या धातूवरून आलाय. चरकसंहितेतल्या 'त्रिशोथीय' अध्यायातला शोथ म्हणजे सूजच. 'सूज' नको म्हणून 'शोथ' घेणारे नुसते कपडे बदलून त्याच घरी येतात.

आता चरबीकडे पाहू. चरबी हे नुसतं कोठार नाही, तिच्यातून सतत रासायनिक निरोप सुटत असतात. तिच्या पेशी प्रमाणाबाहेर फुगल्या की काही मरतात आणि त्यांना साफ करायला प्रतिकारयंत्रणेतल्या भक्षक पेशी गोळा होतात. १९९३ साली लठ्ठ उंदरांच्या चरबीत टीएनएफ-अल्फा हा दाहकारक रेणू वाढलेला सापडला. तो निष्प्रभ केल्यावर इन्सुलिनचं काम सुधारलं. भक्षक पेशींची गर्दी २००३ मध्ये दाखवली गेली. असे रेणू इन्सुलिनचा निरोप पेशीत पोचू देत नाहीत, आणि रक्तातली साखर चढते. धमन्यांच्या भिंतीत चरबीचे थर साचण्यातही दाहाचा हात असतो. यकृत सीआरपी नावाचं प्रथिन जास्त बनवू लागतं, ते रक्ततपासणीत दिसतं. मात्र सीआरपी हा धूर. हृदयविकाराचं कारण तो स्वतः नाही, असं आनुवंशिक अभ्यास सांगतात. दाहाचा वाटा नेमका किती, यावर अजून वाद आहेत. म्हणून त्या लेखकाने 'जडतात' न लिहिता 'जडू शकतात' लिहिलं, हे मला फार आवडलं.

गंमत अशी की इथे सेल्ससच्या चारपैकी एकही लक्षण वरून दिसत नाही. 'सूज' तर सगळ्यात वाईट. वाचक वाढलेल्या पोटालाच सूज समजेल, नाहीतर पाणी साचून सुजलेले पाय आठवेल. 'दाह'ही निर्धोक नाही: पित्ताची जळजळ आठवते, आणि 'चरबीत दाह' वाचून एखादा म्हणायचा, जळतेय ना, मग बरंच आहे की!

तरीही मी दाहच ठेवीन. संधिदाहासारख्या रोगनामांत तो रुळलाय, मग इथेच वेगळा शब्द कशाला? माझी तक्रार 'मंद'बद्दल आहे. मंद म्हटलं की किरकोळ वाटतं. इथे मुद्दा तीव्रतेपेक्षा वर्षानुवर्षं न विझण्याचा आहे. त्याला मराठीत 'धुमसणे' हे नेमकं क्रियापद आहे. ज्वाळा नाही, पण आत विस्तव. मनातल्या रागालाही आपण तेच लावतो.

ते वाक्य मी असं लिहिलं असतं: 'जादा चरबीत दाह धुमसत राहतो, तो जाणवत नाही, पण त्यातून मधुमेह, हृदयविकार जडू शकतात.'