दिवा लावून खा

"मॅडम, दिवसभर उपाशी असतो, तरी वजन हलंना. माझ्यात जिद्दच नाही."

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत हे वाक्य आठवड्यातून एकदा तरी ऐकू येतं. माणसं बदलतात, वाक्य तेच. म्हणून सुनंदाताईंची गोष्ट सांगते. नाव आणि ओळखीच्या खुणा बदलल्यात, परवानगीही घेतलीय. आमच्याकडच्या बायकांचं 'असतो, खातो' मात्र तसंच ठेवलंय.

वय 38, मंगळवार पेठेत एकत्र कुटुंब, उंची पाच फूट दोन इंच, वजन 84 किलो. हौशी रंगभूमीवर वीस वर्षं काढलेली बाई. राज्य नाट्य स्पर्धेत दरवर्षी वाट्याला येणार मोलकरीण, नाहीतर खादाड मावशी. "मी नुसती आत आलो तरी हशा पिकतो, तोंड उघडायच्या आधीच." मला उमादेवी आठवल्या. गायिका म्हणून सिनेमात आलेल्या, पण लोकांच्या लक्षात राहिल्या त्या जाड, विनोदी टुणटुण म्हणून.

पहिल्या तीन भेटी मी फक्त ऐकलं. सकाळी लिंबू-मधाचं पाणी, मग दुपारी चारपर्यंत काही नाही. घरात रविवारी तांबडा-पांढरा झाला की ही वाढणार, स्वतः काकडी खाणार. रात्री घर झोपलं की स्वयंपाकघरात उभ्या उभ्या डब्यात हात घालून चिवडा. किती, ते कळायचंच नाही. आणि सकाळी पुन्हा शपथ.

चौथ्या भेटीत विचारलं, "हे नाटक असतं तर पुढं काय झालं असतं?"

"दुसऱ्या अंकात बारीक झालो असतो."

"कशा?"

"कशा म्हणजे? ब्लॅकआऊट. दिवे आले की सहा महिने गेलेत, नवी साडी, सगळे बघतच राहिलेत." त्या हसल्या. मग पदराचं टोक बोटाला गुंडाळत बसल्या. बराच वेळ. मी बोलले नाही. या धंद्यात गप्प बसणं मला सगळ्यात उशिरा जमलं, पण आता जमतं.

"मॅडम, मी खातो तेपण अंधारातच की. दिवा लावत नाही. सासूबाई जाग्या होतील म्हणून."

इतकी वर्षं मी हेच बघत आलेय, पण इतकं स्वच्छ कुणी मांडलं नव्हतं. मालिकेत, सिनेमात, नाटकात वजन उतरतं ते एका गाण्यात किंवा एका अंधारात. प्रत्यक्षात तो अंधारच आपल्याला जगायचा असतो, रोज, तीन वेळा ताटावर बसून. आणि माणूस आपलं सगळं जगणं त्या दुसऱ्या अंकावर टाकतो. बारीक झाले की फोटो काढीन, मग पोहायला जाईन, मग चांगली भूमिका मागीन.

आता जिद्दीबद्दल. 1944-45 साली अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात 36 धडधाकट तरुणांना 24 आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. ती मुलं दिवसरात्र अन्नाचाच विचार करायला लागली, पाककृतींची पुस्तकं वाचत बसायची. जिद्द कुठं कमी होती त्यांची? उपाशी शरीर भूक वाढवतं आणि ऊर्जेचा खर्च आखडता घेतं, ते त्याचं कामच आहे. दुपारी चारपर्यंतचा उपासच रात्रीचा डबा उघडतो.

माझी सगळी भिस्त विचार बदलण्यावर, हे माझ्याकडे येणाऱ्यांना ठाऊक आहे. 'बारीक व्हायलाच हवं, नाहीतर मी कामाची नाही' यातला 'च' आधी काढायचा. वजन उतरलेलं बरं, हे खरंच आहे. भारतीयांसाठी बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचं माप, 25 च्या वर गेलं की लठ्ठपणा धरतात, बायकांची कंबर 80 सेंटिमीटरच्या आत असावी म्हणतात. पण सुरुवातीच्या वजनाच्या पाच ते दहा टक्के उतरलं तरी साखर आणि रक्तदाब सुधारू शकतो. 84 किलोच्या बाईला 55 व्हायची गरज नसते. थायरॉईड, पीसीओएस (पाळी बिघडवणारा अंडाशयाचा त्रास), चालू गोळ्या, हे आधी डॉक्टरांना दाखवून घ्या. खाणं आवरतच नसेल, किंवा खाऊन मुद्दाम उलटी काढावी लागत असेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे लगेच जा, लाज बाळगू नका.

सुनंदाताईंना मी एवढंच काम दिलं. सकाळी नाष्टा, दुपारी भाकरी-भाजी पोटभर. रात्री चिवडा हवाच वाटला तर खायचा, पण दिवा लावून, ताटलीत घेऊन, बसून.

आठ महिन्यांत साडेपाच किलो उतरलं. यंदा दिग्दर्शकाकडं त्यांनी वकिलाची भूमिका मागितली, अजून उत्तर आलेलं नाही. पण मला जास्त आवडली ती पहिल्या आठवड्यातली बातमी. रात्री साडेअकराला दिवा लावून ताटली घेऊन बसल्या, तर सासूबाई उठून आल्याच. दारात उभ्या राहिल्या, ताटलीकडं बघितलं आणि पाट ओढत म्हणाल्या, "मलाबी दे की वाईच."