कुत्रीसकट घर हवंय

प्रश्न : ताई, माझी चिंगी सात वर्षांची, मध्यम चणीची, मिश्र जातीची कुत्री आहे. दीड महिन्यात मला राहतं घर सोडायचंय. आतापर्यंत अकरा घरं झाली, ‘कुत्रा’ हा शब्द ऐकला की नकार. मैत्रीण म्हणते, आधी करार कर, मग तिला हळूच आण. घरचे म्हणतात, कुणाला तरी देऊन टाक. मला दोन्ही नकोय. काय करू?

उत्तर : तुमचं मन बरोबर सांगतंय. चिंगीला देऊ नका आणि लपवूही नका. लपवण्याचा प्रयोग मी केलाय. तिसऱ्या आठवड्यात शेजाऱ्यांनी भुंकणं ऐकलं आणि करारात प्राण्यांना मनाई असल्यामुळे माझ्याकडे बोलायला तोंड उरलं नाही. ऐन परीक्षांच्या दिवसांत मुलांना घेऊन घर शोधत फिरले.

नंतरच्या एका घरमालकाने नकार दिला, तेव्हा मी कारण विचारलं. त्याने मला दार दाखवलं. आतल्या बाजूने, कडीच्या खाली, लाकूड पार सोलून निघालं होतं. आधीच्या भाडेकरूचा कुत्रा एकटा राहिला की घाबरायचा. असे कुत्रे दारं-खिडक्याच ओरबाडतात, कारण माणूस तिथूनच गेलेला असतो. त्या मालकाला भीती वाटत होती ती घरी कुणी नसतानाच्या कुत्र्याची. बहुतेकांची भीती हीच असते, फक्त कुणी ती अशी उघड करून सांगत नाही.

म्हणून आज एक काम करा. फोन रेकॉर्डिंगला लावून बाहेर पडा आणि तासाभराने परत या. एकटेपणाचा त्रास असेल तर तो बहुधा पहिल्या अर्ध्या तासातच दिसतो : येरझारा, लाळ, दाराशी रडणं. चिंगी झोपून राहिली, तर तो व्हिडिओ म्हणजे तुमचं सगळ्यात भक्कम शिफारसपत्र. रडली, तर आजपासूनच सराव सुरू करा. आधी काही सेकंद बाहेर, मग मिनिटभर, मग पाच मिनिटं. ती अस्वस्थ व्हायच्या आत परतायचं. याला आठवडे लागतात. रागावून काही होत नाही, भीती वाढते फक्त.

तिचं वय लपवू नका, उलट आधी तेच सांगा. पिल्लांना दात येताना जे दिसेल ते चावायचं असतं, लघवीही फार वेळ धरता येत नाही. सात वर्षांची, बाहेर जायची सवय असलेली कुत्री ही वेगळी गोष्ट आहे. रेबीजच्या लसीचं प्रमाणपत्र, नसबंदीचा कागद, डॉक्टरांच्या चार ओळी हे सगळं एका फाइलमध्ये ठेवा. आणि आत्ताच्या घरमालकाकडून ‘हिचा त्रास झाला नाही’ एवढं लिहून घ्या. निघायच्या गडबडीत हे राहून जातं आणि माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त वजन याच कागदाला असतं.

एजंट पुष्कळदा मालकाला न विचारताच ‘नाही’ म्हणतो. त्याला चिंगीचा फोटो आणि चार वाक्यं पाठवा, मालकापर्यंत पोचवायला सांगा. भेट ठरलीच तर आधी तिला भरपूर फिरवून आणा आणि शक्यतो इमारतीबाहेर भेटवा.

घर बघताना जिना आणि लिफ्ट कुठे आहे ते पाहा. आपल्याला साधारण 20,000 हर्ट्झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला सुमारे 45,000 पर्यंतचे. त्यात दाराला लागून सतत पावलं वाजत असतील, तर शांत कुत्रीसुद्धा दिवसभर राखण करत बसते. टोकाचं घर थोडं गैरसोयीचं असलं तरी घ्या.

तोंडी होकारावर सामान हलवू नका. करारात चिंगीचं नाव, वय, वर्णन येऊ द्या. तिच्यासाठी जादा डिपॉझिट मागितलं तर ते परत मिळणार का आणि कोणत्या नुकसानीसाठी कापणार, तेही लिहून घ्या. इमारतीचे नियम वेगळे वाचा, मालकाचा होकार तिथे पुरत नाही असं होऊ शकतं. किल्ली मिळाली की त्याच दिवशी दारांचे आणि फरशीचे फोटो काढून मालकालाही पाठवा.

राहायला गेलात की तिचं जुनं अंथरूण न धुता, तसंच नव्या घरात टाका. त्या वासावर ती लवकर टेकेल. पहिले दोन-तीन दिवस रजा मिळाली तर घ्या आणि त्यातही अधूनमधून पाच-पाच मिनिटं एकट्याच बाहेर जाऊन या.