भुऱ्या आणि जुना महाल

प्रश्न : नागपूरच्या महाल भागात तुम्ही इतिहासफेरी काढता, तिची कल्पना एका जखमी कुत्र्यामुळे सुचली असं ऐकलं. ते कसं काय? आणि आमच्या मोतीला सोबत आणलं तर चालेल का?
– एक वाचक, धरमपेठ

उत्तर : खरं आहे. भुऱ्याचा मागचा पाय कुठल्याशा गाडीखाली आला होता. घरी आणल्यावर डॉक्टर म्हणाले, रोज हळूहळू चालवा. आता हळू म्हणजे किती? गांधी गेटपाशी तर तो बूडच टेकायचा. कमानीखालचा एकेक दगड हुंगून होईस्तोवर महाराज हलत नसत. रिकामं उभं राहून मी तरी काय करणार, वर बघत बसायची. एकदा पानवाले काका म्हणाले, "हा जुम्मा दरवाजा हो बाई, गांधी गेट नाव मागाहूनचं." तिथून मी वाचत सुटले : 1702 च्या सुमारास शहर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद शाह, भोसल्यांचे वाडे, नोव्हेंबर 1817 मधली सीताबर्डीची लढाई. शेजारच्या बायका आधी भुऱ्याची चौकशी करायला थांबायच्या, मग माझं ऐकत सोबत चालू लागल्या. पैसे घ्यायचं धाडस पुष्कळ उशिरा आलं.

मोतीला जरूर आणा, पण दोरी आखूड धरा. महालातली कुत्री पाहुण्यांना सहजासहजी सोडत नाहीत. आपलं ऊन माहीतच आहे, त्यामुळे उजाडताच निघतो आणि मे महिन्यात निघतच नाही. शेवटी तर्री-पोहे असतात, ते फक्त तुमच्यासाठी. कांदा कुत्र्यांना बाधतो, मोतीने कितीही केविलवाणं तोंड केलं तरी.