घाटावर बंदूक घेऊन परत जाऊ का? माजी हवालदाराच्या प्रश्नाला वकिलाचं उत्तर

हवालदार साहेब, जय हिंद.

तुमची अडचण थोडक्यात सांगतो, म्हणजे वाचणाऱ्यांनाही कळेल. वैनगंगेच्या काठचं गाव, दोन वर्षांपूर्वी फौजेतून घरी आलात, धानाचं वावर आहे, दोन पोरी बसने कॉलेजला जातात. रात्री घाटावरून रेती चोरीला जाते म्हणून सरपंच अन् गावकरी म्हणाले तुम्ही फौजी, तुमच्याकडे लायसन्सची बारा बोर, तुम्ही उभे राहा. राहिलात. एका रात्री टिप्पर थेट अंगावर घातला, तुम्ही उडी मारून वाचलात अन् हवेत एक बार काढला. दुसऱ्या दिवशी फोनवर पोरींना उचलून नेण्याची धमकी, आणि आता टिप्परवाल्याने तुमच्यावरच खंडणीची तक्रार दिली म्हणून ठाण्यातून नोटीस.

नोटीस भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 35(3) ची आहे, तिला घाबरू नका पण टाळूही नका. दिलेल्या तारखेला हजर राहिलात तर सहसा अटक होत नाही, करायचीच असेल तर पोलिसांना कारणं लेखी नोंदवावी लागतात. गेलाच नाहीत तर मात्र अटकेचं कारण तुम्हीच त्यांच्या हाती द्याल. तरी त्या तारखेआधी कलम 482 खाली भंडाऱ्याच्या सेशन कोर्टात अटकपूर्व जामिनाचा अर्ज टाका, कारण खंडणीला सात वर्षांपर्यंत शिक्षा आहे. बार काढला हे लपवू नका. रिकामं काडतूस जपून ठेवा, पंचनाम्यात द्या, बंदूक जमा करायला सांगितली तर पावती घेतल्याशिवाय देऊ नका.

आता मला सगळ्यात जास्त खटकलं ते सांगतो. तुमच्या जिवावर बेतलं त्याची तक्रार अजून कुठंच नाही! गाडी अंगावर घालणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 109 चा, खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा होऊ शकतो, धमकीला कलम 351 आहे, अन् रेती नेणं ही कलम 303 ची सरळ चोरी. रेतीसारख्या गौण खनिजाचा वेगळा कायदा आहे म्हणून चोरीचा गुन्हा लागत नाही असं कोणी सांगितलं तर ऐकू नका, सुप्रीम कोर्टाने 2014 मध्येच सांगितलंय की दोन्ही लागतात. ठाणेदार तक्रार घेत नसतील तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) खाली एसपींना लेखी द्या, तिथंही नाही झालं तर शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडे. धमकीचं रेकॉर्डिंग ज्या फोनमध्ये आहे तो विकू नका, रीसेट करू नका, मूळ फोनच लागेल.

परत घाटावर जाऊ का? बंदूक घेऊन तर नाहीच. स्वसंरक्षणाचा हक्क कायद्याने भरपूर दिलाय, न्याय संहितेची कलम 34 ते 44 वाचून बघा, जीव जाईल अशी वाजवी भीती असली तर समोरच्याचा जीव जाईपर्यंत तो हक्क पोचतो, अन् भेकडासारखं पळून जा असं कोर्ट कोणालाच म्हणत नाही. पण कलम 37 म्हणतं की पोलिसांची मदत घ्यायला वेळ होता तिथे हा हक्क नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा करायची नाही. त्या रात्री टिप्पर अचानक अंगावर आला, तिथं तुम्ही बरोबर होतात. उद्या मात्र गाड्या येणार हे माहीत असूनही भरलेली बंदूक घेऊन बसलात आणि कोणाला छर्रा लागला, तर सरकारी वकील पहिला प्रश्न हाच विचारेल की 112 ला फोन का नाही केला. आणि स्वसंरक्षण होतं हे दाखवायचा भार तुमच्यावर असतो. सरहद्दीवर तुमच्यामागे हुकूम होता, पलटण होती, इथं तुम्ही कायद्याच्या नजरेत साधे कास्तकार आहात. सरपंचाने तोंडी सांगणं म्हणजे नेमणूक नव्हे, आणि गावाने एका माणसाला, त्याच्या लेकराबाळांसकट, असं पुढं करणं मला अजिबात पटलेलं नाही.

गावाला खरंच रेती वाचवायची असेल तर ग्रामसभेचा ठराव घ्या, महाराष्ट्र पोलीस कायद्याखाली एसपींकडून ग्राम सुरक्षा दल रीतसर मंजूर करून घ्या, मग तुम्ही त्या पोरांना ट्रेनिंग द्या, रात्री दहा-बारा जण टॉर्च अन् मोबाईल घेऊन असा. गाडीचे फोटो तहसीलदारांना पाठवा, जमीन महसूल संहितेच्या कलम 48 खाली गाडी जप्त होते, दंड बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत जातो. तोच माणूस पुन्हा पुन्हा सापडत असेल तर एमपीडीएमध्ये, म्हणजे धोकादायक लोकांना आधीच स्थानबद्ध करायच्या राज्याच्या कायद्यात, रेती तस्करही येतात, कलेक्टर वर्षभर स्थानबद्ध करू शकतात, ती मागणी एसपींच्या अर्जातच लिहा.

पोरींच्या सुरक्षेचं काम थांबवून ठेवू नका. कलम 109 चा गुन्हा नोंदला गेला की साक्षीदार संरक्षणासाठी जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडे अर्ज करता येतो, कुटुंबही त्यात येतं, धोक्याबद्दल पोलिसांचा अहवाल येईपर्यंत तात्पुरतं संरक्षण मागता येतं. वकिलाची फी जड जात असेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, फौजींसाठी नालसाची (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरणाची) वीर परिवार सहायता योजना 2025 पासून आहे, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा.

नोटीस, लायसन्स, फौजेचं डिस्चार्ज बुक, काडतूस खरेदीच्या पावत्या अन् तो फोन एका पिशवीत घालून याच आठवड्यात वकील गाठा, घरच्या बाईंनाही सोबत न्या, धमकीचा फोन त्यांनीच उचलला होता ना, त्यांचाही जबाब लागेल.